बास गिटारचा पिकअप बदलण्याआधी

बास गिटार वाजवणाऱ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो, तोही जवळजवळ त्याच शब्दांत: “माझ्या बासला कोणता पिकअप घालू?” सोबत तीन-चार कंपन्यांची नावे असतात, प्रत्येकाचा किलोओहममधला आकडा असतो, अल्निको चांगला की सिरॅमिक अशी विचारणा असते. फक्त आताच्या आवाजात नेमके काय खटकते, ते त्यात नसते. हा लेख तिथूनच सुरू होतो. पॅसिव्ह पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढीच वस्तू. तिला बॅटरी लागत नाही. पण तिचा आवाज तिच्या एकटीचा नसतो. ती कोणत्या जागी बसली आहे, तिच्यापुढे व्हॉल्यूम-टोनचे कोणते पॉट आहेत, केबल किती लांब आहे, यांवर तो ठरतो. म्हणून नव्या पिकअपची निवड हातातल्या वाद्यापासून सुरू करावी आणि कॅटलॉग सर्वांत शेवटी उघडावा. त्यामागची कारणे पुढे दिली आहेत.

एक गैरसमज आधीच दूर करू. बासमध्ये बॅटरी आहे म्हणून तिचे पिकअपही अॅक्टिव्ह आहेत, असे अनेक जण धरून चालतात. बहुतेक वेळा तसे नसते. १९७६ साली आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरेचेच पाहा: बॅटरी लागते ती आतल्या प्रीअॅम्पला, पिकअप मात्र पॅसिव्हच. तुमच्या बासची रचना अशी असेल तर हा लेख तुमच्यासाठीही आहे. खुद्द पिकअपच्या आतच प्रीअॅम्प असतो, जसा ईएमजीच्या अनेक मॉडेलांत, तिथे गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येऊ.

आधी तक्रारीला नाव द्या

“आवाज नीट नाही” ही तक्रार होत नाही. आवाज बारीक आहे, चिखलासारखा गढूळ आहे, एक तार बाकीच्यांपेक्षा दबते, गाण्यात बास ऐकूच येत नाही, की गुणगुण येते? यातल्या प्रत्येकाचे कारण वेगळे आणि बऱ्याच वेळा ते पिकअपच्या बाहेरचे असते. गुणगुणीची तक्रार सर्वांत जास्त येते आणि सर्वांत जास्त पैसेही तिच्यापायीच वाया जातात, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण त्याच सुरात आणि त्याच्या पटींत, म्हणजे १००, १५० हर्ट्झवर येते. बासची मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्झची आणि मोकळी ए तार ५५ हर्ट्झची. म्हणजे ही गुणगुण तुमच्या खालच्या दोन तारांच्या बरोबर मध्ये येऊन बसते. सहा तारांची गिटार वाजवणाऱ्याला अॅम्पवर खालचा भाग थोडा कापून वेळ मारून नेता येते. तुम्ही तो कापलात तर खर्जच जातो. त्यामुळे गुणगुण तिच्या उगमापाशीच थांबवावी लागते आणि उगम ओळखायला दोन सोप्या चाचण्या आहेत.

१. अॅम्प चालू ठेवून तारांवरून हात काढा, मग परत ठेवा. हात लागताच गुणगुण कमी होत असेल तर तारांचे ग्राउंड जागेवर आहे, पण आतल्या खोबणीचे शिल्डिंग अपुरे आहे. तांब्याची चिकटपट्टी किंवा वाहक रंग, नीट ग्राउंडला जोडून, एवढ्याने हे काम होते. हात लागल्यावर गुणगुण वाढत असेल तर ग्राउंडची जोडणी तुटली आहे किंवा उलटी झाली आहे.

२. बास गळ्यात ठेवून जागेवर हळूहळू फिरा. एका दिशेला गुणगुण वाढते आणि काटकोनात वळल्यावर जवळजवळ नाहीशी होते का? तसे असेल तर सिंगल कॉइल आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. तांब्याची पट्टी ते अडवू शकत नाही. इथे मात्र गुणगुण रद्द करणारा पिकअप हाच खरा उपाय आहे.

दोन्ही चाचण्यांत काहीच फरक पडला नाही आणि घरी शांत असलेली बास फक्त ठरावीक हॉलमध्येच भणभणत असेल, तर दोष बहुधा तिथल्या अर्थिंगमध्ये किंवा दिव्यांच्या डिमरमध्ये आहे. मंडपातल्या आणि जनरेटरवरच्या कार्यक्रमांत हे नेहमीचे आहे आणि जगातला कोणताही पिकअप ते दुरुस्त करणार नाही. अशा वेळी अॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो कधीही मानू नका. बासच्या तारा ब्रिजमार्गे अॅम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. अर्थिंग सदोष असेल तर तारांवरचा हात आणि माइकला टेकलेले ओठ यांच्यामधून वीज जाऊ शकते. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सीच्या रंगमंचावर माइकला हात लावताना असाच गेला.

शे-दोनशे रुपयांत होणारी कामे

पिकअपवर खर्च करण्याआधी त्याची उंची बदलून पाहा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पिकअपच्या माथ्यापासून तारेपर्यंतचे अंतर मोजा. दोन ते तीन मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि जाड तारेखाली अंतर थोडे जास्त ठेवा. पिकअप फार वर आणला तर आवाज मोठा होतो, पण चुंबक तारेला ओढू लागतो आणि लांब धरलेला सूर थरथरतो. फार खाली गेला तर आवाज दूरचा आणि पोकळ लागतो. ‘एक तार दबते’ ही तक्रार निम्म्या वेळा इथेच मिटते. दोन वर्षे न बदललेल्या तारांवर नवा पिकअप लावून त्याची परीक्षा करण्यात तर अर्थच नाही.

दुसरी गोष्ट केबलची. पॅसिव्ह पिकअप आणि केबल मिळून एकच सर्किट बनते आणि पिकअपच्या आवाजाचे टोक कुठे येईल ते दोघे मिळून ठरवतात. एक उदाहरण घेऊ. कॉइलचा इंडक्टन्स ४ हेन्री आणि तिची स्वतःची धारिता १०० पिकोफॅरड धरा. केबल मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडची. सहा मीटरच्या केबलवर आवाजाचा उठाव सुमारे ३,००० हर्ट्झला येतो. तीच केबल तीन मीटरची केली की तो ४,००० हर्ट्झच्या आसपास सरकतो. बोटांचा आणि तारेचा धातूचा स्पर्श ऐकू येतो तो याच पट्ट्यात. म्हणजे ‘गढूळ’ वाटणारी बास नुसत्या छोट्या केबलने उजळू शकते. बॅटरीवरचा प्रीअॅम्प असेल तर केबलचा हा परिणाम बराचसा नाहीसा होतो, तेव्हा तुमची बास यातली कोणती ते लक्षात ठेवा.

पॉटचेही तसेच. फेंडर धाटणीच्या पॅसिव्ह बासमध्ये २५० किलोओहमचे पॉट आणि टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ही रूढ मापे आहेत. ५०० किलोओहमचे पॉट लावले तर वरचा आवाज जास्त उरतो. स्वस्त बासमध्ये काही वर्षांनी पॉट खरखरू लागतात किंवा मूल्यापासून ढळतात. तो दोष पिकअपच्या माथी मारला जातो.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

एवढे करूनही तक्रार उरली तर आता पिकअप पाहायला हरकत नाही. पहिला सापळा किलोओहमचा आहे. हा आकडा कॉइलच्या तारेचा डीसी रोध सांगतो, आवाजाची ताकद सांगत नाही. तार जितकी बारीक तितका तिचा रोध जास्त. ४२ गेजऐवजी ४३ गेजची तार वापरून तेवढेच वेढे घातले तर आकडा साधारण पाव हिश्श्याने फुगतो, पण पिकअप त्या प्रमाणात जोरदार होत नाही. तांब्याचा रोध तापमानाबरोबरही बदलतो, अंशामागे सुमारे ०.३९ टक्के. २० अंशांवर १०.५ किलोओहम दाखवणारा पिकअप ३५ अंशांवर ११.१ दाखवील. वातानुकूलित दुकानात आणि मे महिन्यात पुण्याच्या घरी घेतलेल्या मोजणीत एवढे अंतर पडत असेल, तर ‘हा १०.५चा, तो ११चा’ म्हणून हळहळण्याचे कारण नाही. जोडणीनेही आकडा फिरतो. प्रिसिजन बासच्या पिकअपचे दोन तुकडे सिरीजमध्ये असतात, म्हणून त्यांच्या रोधांची बेरीज होते. स्टिंगरेच्या धाटणीच्या पिकअपमधल्या दोन कॉइल पॅरललमध्ये असतात, म्हणून आकडा एका कॉइलच्या निम्म्यावर येतो. या दोन आकड्यांची तुलना म्हणजे मण आणि मैल यांची तुलना.

मग हा आकडा निरुपयोगी आहे का? तसेही नाही. एकाच कंपनीच्या, एकाच रचनेच्या दोन मॉडेलांत तो वेढ्यांचा अंदाज देतो: वेढे जास्त म्हणजे आवाज मोठा, मधला भाग भरलेला, वरची झळाळी कमी. आणि जुना पिकअप तपासताना तर तो अनमोल आहे. मल्टिमीटर अनंत रोध दाखवत असेल तर तार तुटली आहे. पिकअप दाबल्यावर आकडा उड्या मारत असेल तर ती तुटण्याच्या बेतात आहे. अशा वेळी बदलाचा निर्णय आपोआप होतो.

चुंबकाचे नाव हा दुसरा सापळा. अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचे लोखंडासह केलेले मिश्रण. बासमध्ये त्यातला पाचव्या क्रमांकाचा प्रकार सर्वांत रूढ आहे. सिरॅमिकचा चुंबक बहुतेक वेळा पट्टीच्या रूपात कॉइलखाली असतो आणि वर पोलादी दांड्या किंवा पट्ट्या येतात. आवाजातला फरक बराचसा या मांडणीतून येतो. सेमूर डंकनच्या ‘क्वार्टर पाउंड’चेच उदाहरण घ्या: त्यातले दांडे नेहमीपेक्षा जाड, पाव इंच व्यासाचे आहेत आणि त्यामुळे कॉइलची घडणही बदलते. ‘सिरॅमिक म्हणजे कर्कश’ हे वाक्य ऐकले की ते कोणत्या मांडणीबद्दल आहे ते विचारा. बहुधा उत्तर मिळणार नाही.

जागा बदलत नाही

हा मुद्दा सर्वांत जड आहे आणि विक्रीच्या जाहिरातीत तो कधीच येत नाही. तारेचा स्वर तिच्या लांबीवर सगळीकडे सारखा नसतो. ब्रिजजवळ उपस्वर जास्त आणि मूळ स्वर कमी मिळतो. मानेकडे सरकत जाल तसा मूळ स्वर वाढतो. पिकअप ज्या जागी बसवला आहे तिथला आवाज तो उचलतो. म्हणून जॅझ बासच्या ब्रिजकडच्या खाचेत कितीही ‘दणदणीत’ पिकअप घातला तरी तिचा प्रिसिजन बास होत नाही. १९७०च्या दशकात जॅझ बासचा ब्रिजकडचा पिकअप जेमतेम एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकला, तर त्या बासचा आवाज जाणकारांना आजही वेगळा ओळखू येतो. एका सेंटिमीटरने एवढे होत असेल तर चुंबकाच्या नावाने त्याहून कमीच होणार.

यावर एक आक्षेप येतो: मग महागडे पिकअप घेणारे सगळे फसतात का? फसत नाहीत. एकाच जागी बसलेल्या दोन पिकअपमध्ये गुणगुण, तारांमधला समतोल, आवाजाची पातळी आणि वरच्या पट्टीची झळाळी यांचा फरक स्पष्ट ऐकू येतो. ज्याला यांपैकी काही हवे आहे त्याचा पैसा कारणी लागतो. निराश होतो तो बासची जातच बदलू पाहणारा. दुसरा आक्षेप असा की स्वस्त बासवर हा खर्च कशाला. खुंट्या सूर धरत असतील आणि मान सरळ असेल तर चांगला पिकअप स्वस्त बासवरही पूर्ण काम करतो, आणि पुढची बास त्याच मापाची घेतलीत तर तो काढून तिला लावता येतो. खुंट्याच घसरत असतील तर पैसे आधी तिकडे घाला.

जॅझ बासवाल्यांनी नवा पिकअप घेण्याआधी एक स्वस्त वाट जरूर चोखाळावी. दोन्ही पिकअप पॅरललऐवजी सिरीजमध्ये जोडणारा एक स्विच लावून घ्या. आवाज मोठा होतो, मधला भाग भरतो आणि अनेकांना प्रिसिजनमध्ये जो जाडपणा हवा असतो त्याच्या बराच जवळ जातो. मूळ आवाज स्विच फिरवला की परत मिळतो.

बसेल का, आणि जुळेल का

जाहिरातीत ‘चार तारांच्या बाससाठी’ लिहिले म्हणजे तुमच्या खाचेत बसेलच असे नाही. पट्टी घेऊन स्वतः मोजा.

- जॅझ बासच्या मापात मानेकडचा पिकअप सुमारे ९१ मिमी आणि ब्रिजकडचा सुमारे ९४ मिमी लांब असतो. काही स्वस्त बासमध्ये दोन्ही आखूड असतात. तिथे लांब पिकअप घ्याल तर लाकूड कोरावे लागेल.
- सोपबार नावाने विकल्या जाणाऱ्या आयताकृती पिकअपना एकच माप नाही. ईएमजी ३५ हे कवच साधारण ८९ बाय ३८ मिमी, ४० हे १०२ बाय ३८. बार्टोलिनीची मापे आणखी वेगळी.
- एकावर एक कॉइल रचलेले गुणगुणविरहित पिकअप नेहमीपेक्षा उंच असू शकतात. खाचेची खोलीही मोजा.
- ब्रिजपाशी दोन तारांमधले अंतर फेंडरवर सुमारे १९ मिमी असते, काही पाच तारांच्या बासवर १६.५. दांड्यांचे अंतर जुळले नाही तर कडेची तार दबते. आडवी पट्टी असलेल्या पिकअपला ही अडचण येत नाही.

जुळण्याचा प्रश्न मापापलीकडचाही आहे. १९६०च्या जॅझ बासपासून चालत आलेल्या रचनेत दोन सिंगल कॉइल असतात. हल्लीच्या जोड्यांत एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा दोन्ही दुसरीच्या उलट असतात, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर गुणगुण रद्द होते. त्यातला एकच बदलून दुसऱ्या कंपनीचा घातलात तर दोन गोष्टी बिघडू शकतात: गुणगुण परत येते किंवा दोन्ही एकत्र उघडल्यावर खर्ज गायब होऊन आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. दुसऱ्या प्रकाराला फेज उलटणे म्हणतात आणि नव्या पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल करून तो सुधारतो, मात्र पिकअपला धातूचे कवच असेल तर ते वेगळ्या तारेने ग्राउंडला जोडलेले हवे. या कटकटी नको असतील तर जॅझ बाससाठी जोडीच घ्या.

प्रिसिजनचा पिकअप १९५७पासून दोन तुकड्यांचा आहे आणि स्वतःच गुणगुण रद्द करतो. पण ज्या बासवर त्याच्यासोबत ब्रिजकडे जॅझचा सिंगल कॉइल असतो, तिथे दुसरा उघडला की गुणगुण येते, कारण तिला रद्द करायला जोडीदार नसतो. तुमची बास अशी असेल तर ब्रिजकडे गुणगुणविरहित पिकअपच घ्या. डिमार्झिओचे ‘मॉडेल जे’ आणि ‘अल्ट्रा जॅझ’ या प्रकारचे आहेत. सिंगल कॉइलची काचेसारखी स्वच्छ वरची पट्टी त्यांत थोडी कमी वाटते असे म्हणणारे आहेत आणि ते चुकीचे नाहीत. पण मंडपातल्या दिव्यांखाली वाजवणाऱ्यासाठी मी हा सौदा दहा वेळा करीन. घरी आणि स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्याने उलट निर्णय घ्यावा.

अॅक्टिव्ह ईएमजी काढून पॅसिव्ह घालायचे असतील तर नुसता पिकअप बदलून भागत नाही. त्यांच्यासोबतचे पॉट २५ किलोओहमचे असतात. त्यांवर पॅसिव्ह पिकअप लावला तर आवाज मेलेला येतो. २५० किलोओहमच्या पॉटचा खर्च हिशेबात धरा.

पैसे, पावती आणि तुमचे हक्क

परदेशातून मागवताना तिथली किंमत ही अर्धीच गोष्ट आहे. वर सीमाशुल्क, मग वस्तूची किंमत अधिक शुल्क यांच्या बेरजेवर आयजीएसटी, आणि कुरिअरचा हाताळणी आकार. दोष निघाला तर परत पाठवण्याचा खर्चही बहुधा तुमचाच. म्हणून भारतातल्या विक्रेत्याकडे किंमत थोडी जास्त असली तरी ती सहसा परवडते. पक्की पावती घ्या आणि खोक्यावर आयातदाराचे नाव व मूळ देश छापला आहे ना ते पाहा. नामांकित पिकअप निम्म्या भावात दिसला तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत त्या दुकानाचे नाव शोधा.

ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष निघाली किंवा वर्णनाशी जुळत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२०चे ई-कॉमर्स नियम यांनुसार विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. तो ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण हा हक्क शाबूत ठेवणे तुमच्या हातात आहे. नव्या पिकअपच्या तारा कापल्या किंवा त्यांना सोल्डर लागला की विक्रेता दोष तुमच्या कामावर ढकलतो. म्हणून खोके उघडल्याबरोबर मल्टिमीटर लावून रोध मोजा, क्रोकोडाइल क्लिपने पिकअप केबलला जोडा, अॅम्पचा आवाज कमी ठेवून प्रत्येक दांड्यावर स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच टिचकी मारा. प्रत्येक टिचकी ऐकू आली पाहिजे. हे मोबाइलवर चित्रित करून ठेवा.

सोल्डरिंग जमत नसेल तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. जमत असेल तर आधी जुन्या जोडणीचे दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. ब्रिजला जाणारी ग्राउंडची तार या कामात हमखास सुटते, ती परत जोडल्याची खात्री करा. जुना पिकअप फेकू नका. त्याच्या तारा लांब ठेवून, कोणती गरम आणि कोणती ग्राउंडची ते चिठ्ठीवर लिहून, खोक्यात जपून ठेवा. महिनाभर तालमीत आणि निदान दोन कार्यक्रमांत नवा पिकअप वाजवून झाल्यावरही मूळ तक्रार तशीच उरली, तर तो विकून जुना परत बसवा.